लंडनमधील विनामूल्य दिवस



मोठ्या शहरांत पाहुणे आले म्हणजे यजमानाच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. काय दाखवावें हा एक, आणि त्यास पैसे किती पडतील हा दुसरा. कुटुंब मोठें असलें कीं दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधीं येतो. मग वर्तमानपत्र चाळून, शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून अमुक ठिकाण अमक्या दिवशीं विनामूल्य उघडें असतें असा शोध लागतो, आणि मुलेंबाळें, डबे, पाण्याच्या बाटल्या असा सारा लवाजमा घेऊन मंडळी त्या दिवशीं बाहेर पडतात. आपल्याकडे १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनीं लेण्यांपाशीं अशी गर्दी मीं पाहिली आहे. त्या गर्दीकडे पाहून नाक मुरडणारेही पाहिले आहेत. "फुकट म्हटलें कीं काय झुंबड उडते पाहा!" असें एक गृहस्थ माझ्या शेजारीं उभे राहून उद्गारले. ते स्वतःही फुकटच आंत आले होते, ही गोष्ट निराळी.

अशा विनामूल्य दिवसांचा इतिहास लंडन शहरापुरता आज आपणांस सांगावा असा माझा विचार आहे. लंडन मीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना शिकविण्याचें काम केलेला मनुष्य आहें. जें सांगणार तें वाचनालयांतील पुस्तकांच्या आधारें. परंतु ह्या विषयाकडे मी वळलों त्याला एक घरगुती कारण आहे, आणि तें ओघांत येईलच.

सर हॅन्स स्लोन हे लंडनमधील एक नामांकित वैद्य. ११ जानेवारी १७५३ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, ते वारले. जन्मभर त्यांनीं पुस्तकें, हस्तलिखितें, नाणीं, वाळविलेल्या वनस्पती, शंखशिंपले असा ७१,००० हून अधिक वस्तूंचा संग्रह केला होता. आपल्या वारसांस २०,००० पौंड द्यावे आणि हा संग्रह राष्ट्रानें घ्यावा, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें. पार्लमेंटनें त्याच वर्षीं कायदा केला. पैसा मात्र तिजोरींतून काढावयाचा नव्हता, म्हणून सोडत काढण्यांत आली. सोडतीचीं तिकिटें विकण्याच्या कामांत बरीच लबाडी झाली आणि एका व्यवस्थापकास पुढें १,००० पौंड दंडही झाला. विद्येचें मंदिर उभारण्यास जुगाराचा पैसा लागावा हें चमत्कारिक खरें. पण आपल्याकडील कित्येक देवळांचे व धर्मशाळांचे हिशेब काढले तर तेथेंही असेंच कांहीं सांपडेल.

ह्या पैशांतून ब्लूम्सबरी भागांतील माँटेग्यू हाउस नांवाचा वाडा विकत घेतला गेला, आणि १५ जानेवारी १७५९ रोजीं ब्रिटिश म्युझियम लोकांसाठीं उघडलें. प्रवेशास पैसा नव्हता. जिज्ञासु व अभ्यासु अशा सर्वांसाठीं हें दार आहे, असें विश्वस्तांचें धोरण होतें. वाचतांना वाटतें, झालें तर मग! काम संपलें. पण खरी गंमत पुढेंच आहे. आंत जाण्यासाठीं प्रथम द्वारपालाच्या खोलीवर जाऊन आपलें नांव, धंदा व पत्ता लिहून द्यावयाचा. मग तो अर्ज वरिष्ठांकडे जाणार. त्यांनीं माणूस योग्य ठरविला तर पुन्हां एकदां येऊन तिकीट न्यावयाचें, आणि त्यावर लिहिलेल्या दिवशीं, लिहिलेल्या तासाला हजर व्हावयाचें. एका वेळीं जेमतेम दहा माणसांची टोळी, आणि तिच्या पुढें एक अधिकारी. शनिवारीं व रविवारीं दार बंद. नाताळ, ईस्टर अशा सणांच्या आठवड्यांतही बंद. ज्याला रोजच्या मजुरीवर पोट भरावयाचें आहे, त्यानें तीन दिवसांची मजुरी बुडवून हें फुकट म्युझियम पाहावें, अशी ही योजना होती. तिकीट फुकट असल्यामुळें त्याचा काळाबाजारही लवकरच सुरू झाला. ज्यांना ओळखीनें तिकिटें मिळत ते तीं परगांवच्या माणसांना विकूं लागले.

असें एक तिकीट ज्यानें विकत घेतलें त्याची हकीकत सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. बर्मिंगहॅम शहरांत विल्यम हटन नांवाचा एक पुस्तकविक्रेता होता. लहानपणीं रेशमाच्या गिरणींत राबलेला; पुढें पुस्तकें बांधण्याची कला स्वतःच शिकून दुकान थाटलेला; आणि आपल्या शहराचा इतिहास लिहून नांव मिळविलेला असा हा मनुष्य. डिसेंबर १७८४ मध्यें तो लंडनला आला तेव्हां एकसष्ट वर्षांचा होता. ब्रिटिश म्युझियम पाहावें ही त्याची फार दिवसांची इच्छा. कोणाजवळ तरी एक तिकीट आहे असें कळतांच त्यानें सुमारें दोन शिलिंग देऊन तें मिळविलें, आणि ठरल्या वेळीं तो जाऊन उभा राहिला. दहाएक माणसांचा घोळका जमला. त्यांना घेऊन निघालेला उंच, रुबाबदार तरुण भराभर दालनांमागून दालनें ओलांडूं लागला. हटननें धीर करून, येथील वस्तूंविषयीं आम्हांला कांहीं सांगणारें कोणी आहे काय, असें विचारलें. त्यावर तो तरुण तडकून म्हणाला कीं, म्युझियममधील सगळ्याच वस्तूंची माहिती मीं सांगावी कीं काय. बऱ्याच वस्तूंवर नांवें लिहिलेलीं आहेत, तीं दिसत नाहींत? हटन इतका ओशाळला कीं त्याच्या तोंडून पुन्हां शब्द निघाला नाहीं. सारी मंडळी दबक्या पावलांनीं, कुजबुजत चालूं लागली. अर्ध्या तासांत सगळें म्युझियम पाहून झालें! दुसऱ्या वर्षीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत हटननें ही हकीकत लिहून ठेविली आहे. आपल्याला थोडी माहिती मिळाली असती तर केवढा लाभ झाला असता, ह्याची हळहळ त्यांत आहे. आणि आंत जातांना जेवढें कळत होतें त्याहून फारसें अधिक घेऊन आपण बाहेर आलों नाहीं, अशी कबुलीही आहे.

ही हकीकत मीं प्रथम वाचली ती निवृत्त झाल्यानंतर, शब्दकोश शेजारीं ठेवून. आणि वाचतां वाचतां पुस्तक मिटून ठेविलें. कारण तो तडकून बोलणारा तरुण मला ओळखीचा वाटला. १९८६ सालीं मी पांचवीच्या वर्गाची सहल घेऊन एका मोठ्या शहरांत गेलों होतों. शाळेच्या मुलांना त्या दिवशीं तेथील संग्रहालय विनामूल्य होतें, म्हणून तेंही कार्यक्रमांत घातलें. मुलें बेचाळीस. बाहेर एस्. टी.ची गाडी उभी, आणि पुढें समुद्र व विमानतळ पाहावयाचा होता. मी रांगेच्या शेवटीं उभा राहून "चला, चला, थांबूं नका" असें ओरडत होतों. एक मुलगा एका शिळेपुढें थबकला. शिळेवर कांहीं अक्षरें कोरलेलीं होतीं. "गुरुजी, ह्यावर काय लिहिलें आहे?" असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "खालीं पाटी लावली आहे ना? वाच, आणि चल पुढें." मुलगा निमूटपणें चालूं लागला. दालनाबाहेर पडतांना सहज माझी नजर मागें गेली. पाटी इंग्रजींत होती. पांचवीच्या वर्गांत आमच्याकडे इंग्रजीची नुकतीच कोठें मुळाक्षरें सुरू झालीं होतीं.

असो. पुन्हां लंडनकडे वळूं.

हटनच्या भेटीनंतर पंचवीसएक वर्षें गेलीं. तिकडे पॅरिसमध्यें १० ऑगस्ट १७९३ रोजीं क्रांतिकारकांनीं राजाच्या लूव्र वाड्यांतील चित्रें जनतेसाठीं खुलीं केलीं. त्यांच्या नव्या पंचांगांत आठवडा दहा दिवसांचा होता, व त्यांतील तीन दिवस सामान्य लोकांचे. लंडनच्या विश्वस्तांना क्रांति नको होती. पण अर्ज आणि तिकिटें ह्यांचें ओझें त्यांनाही जड झालें होतें. १८१० सालीं त्यांनीं नवा नियम केला: सोमवार, बुधवार व शुक्रवार ह्या दिवशीं सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत, नीटनेटक्या वेषाचा कोणीही मनुष्य तिकिटाशिवाय आंत येऊं शकेल. नीटनेटका वेष कोणता हें द्वारपाल ठरविणार. तरी हें मोठें पाऊल होतें. ठराविक वार सर्वांचे, ही जी पद्धति आज जगभर रूढ आहे, तिचा एक जुना नमुना आपल्याला येथें दिसतो.

तथापि कामकऱ्यांना ह्या तीन वारांचा उपयोग काय? त्यांना सुटी मिळणार सणाच्या दिवशीं, आणि सणाच्या दिवशीं म्युझियम बंद. १८३५-३६ मध्यें म्युझियमच्या कारभाराची चौकशी करण्यास पार्लमेंटची समिति बसली, तेव्हां हा प्रश्न निघाला. मुख्य ग्रंथपाल सर हेन्री एलिस ह्यांनीं सणाच्या दिवशीं दार उघडण्यास स्पष्ट विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, अशा दिवशीं शहरांतील सर्वांत खोडसाळ लोक रस्त्यावर असतात. गोदीवरचे खलाशी आपल्याबरोबर मुली घेऊन आंत शिरले तर वरच्या दर्जाच्या लोकांस तें रुचणार नाहीं. एलिससाहेब दुष्ट नव्हते. आपल्या ताब्यांतील वस्तूंवर त्यांचा जीव होता, आणि त्या वस्तूंचे आपण पहारेकरी आहोंत असें त्यांना वाटत होतें. पहारेकऱ्याला प्रत्येक येणारा चोर दिसतो, एवढाच त्यांचा दोष.

समितीनें त्यांचें ऐकलें नाहीं. १८३७ च्या ईस्टरच्या सोमवारीं म्युझियमचें दार प्रथमच सणाच्या दिवशीं उघडलें. त्या एका दिवसांत तेवीस हजारांवर माणसें आंत येऊन गेलीं! १७५९ च्या पद्धतीनें, दहा दहांच्या टोळ्या करून, एवढीं माणसें आंत सोडावयाचीं झालीं असतीं तर किती महिने लागले असते ह्याचा हिशेब आपण घरीं करून पाहावा. मुलांना देण्यास उदाहरण चांगलें आहे. आणि ज्या अनर्थाची भीति घातली होती तो कांहीं घडला नाहीं. कारागीर, मोलकरणी, खलाशी, त्यांचीं मुलें, सारीं मिसरी मूर्तींपुढून आणि ग्रीक पुतळ्यांपुढून शिस्तीनें गेलीं व घरीं परतलीं.

अनर्थ घडला तो निराळ्याच दिवशीं. पोर्टलंड वेझ नांवाचें रोमन काळांतील एक कांचेचें पात्र म्युझियममध्यें होतें. गडद निळ्या कांचेवर पांढऱ्या आकृती कोरलेलें, अत्यंत मोलाचें. ७ फेब्रुवारी १८४५ रोजीं, एका साध्या शुक्रवारीं, दारूच्या अंमलाखालीं असलेल्या एका सुशिक्षित तरुणानें जवळची एक शिल्पाकृति उचलून त्यावर फेंकली, आणि पात्राचे शेंकडो तुकडे झाले. कायद्यांत पांच पौंडांहून अधिक किंमतीच्या वस्तूस लागू पडेल असें कलम नव्हतें, म्हणून त्याला शिक्षा झाली ती पात्राभोवतालची कांचपेटी फोडल्याबद्दल, तीन पौंड दंडाची. म्युझियमच्या कारागिरानें तें पात्र त्याच वर्षीं सांधलें, आणि आजही तें तेथें पाहावयास मिळतें. सणासुदीच्या गर्दीस जें करतां आलें नाहीं तें एकट्या विद्यार्थ्यानें करून दाखविलें.

चित्रांच्या बाबतींतही हाच वाद झाला, आणि तो अधिक मनोरंजक आहे. राष्ट्रीय चित्रशाळा, म्हणजे नॅशनल गॅलरी, १८२४ सालीं पॉल मॉल रस्त्यावरील एका घरांत अवघ्या ३८ चित्रांनिशीं सुरू झाली, व १८३८ मध्यें ट्रॅफल्गार चौकांतील आपल्या इमारतींत गेली. जागा भर शहरांत, प्रवेश विनामूल्य. तेव्हां पाऊस आला कीं रस्त्यावरची माणसें आडोशास आंत शिरत. धुळीनें व श्वासानें चित्रें खराब होतात, त्यांना शहराबाहेर न्यावें काय, ह्याचा विचार करण्यास १८५० सालीं समिति बसली. तिच्यापुढें चित्रशाळेचे रक्षक टॉमस उविन्स ह्यांनीं साक्ष दिली. एका सोमवारीं त्यांना आंत एक खेडवळ कुटुंब दिसलें. मंडळींनीं टोपल्यांतून फराळ आणला होता आणि खुर्च्या ओढून, वर्तुळ करून, ती खुशाल खात-पीत बसली होती. "हें ह्या जागेस शोभत नाहीं," असें उविन्ससाहेबांनीं समजाविलें, तेव्हां त्या भल्या लोकांनीं राग न मानतां उलट त्यांनाच जिनचा एक पेला पुढें केला! आपल्याकडील वनभोजनास गेलेली मंडळी जशी वाटेनें जाणाऱ्या फॉरेस्ट खात्याच्या माणसाला "या, दोन घास घ्या" म्हणतील, तशांतलाच हा प्रकार. उविन्ससाहेबांनीं ही गोष्ट तक्रार म्हणून सांगितली. मला मात्र ती वाचून त्या कुटुंबाविषयीं आदर वाटला. राष्ट्राचें घर तें आपलें घर, अशा समजुतीनें तें बसलें होतें, आणि आल्यागेल्याचा पाहुणचार करीत होतें.

चित्रें हलविण्याचा वाद पुढें सात वर्षें चालला. १८५७ मध्यें नेमलेल्या मंडळांतील एक सभासद, न्यायमूर्ति कोलरिज, ह्यांनीं असा मुद्दा मांडला कीं, चित्रें नुसतीं टिकवून ठेवणें हा हेतु नव्हेच. लोकांना त्यांपासून आनंद मिळावा ह्यासाठीं तीं ठेवावयाचीं. चित्रें जागच्या जागीं राहिलीं.

मध्यंतरीं १८५१ चें मोठें प्रदर्शन होऊन गेलें. तेथें प्रवेश फुकट नव्हता. पण वारांची विभागणी मोठी शिकण्यासारखी आहे. आरंभीं चढा दर, आणि २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारीं अडीच शिलिंग व शनिवारीं पांच. शिलिंगाच्या दिवशीं दंगा होईल म्हणून सरदार-दरकदार धास्तावले होते; तीनच वर्षांपूर्वीं, चार्टिस्टांच्या सभेच्या दिवशीं, ब्रिटिश म्युझियमच्या नोकरांस खास शिपाई म्हणून शपथा देऊन पहाऱ्यावर उभें केलें होतें. दंगा झाला नाहीं. कॉर्नवॉलमधील मेरी कॅलिनॅक नांवाची ऐंशी वर्षें उलटलेली एक कोळीण शेंकडो मैल पायीं चालत प्रदर्शन पाहावयास आली. प्रदर्शन बंद झालें तोंवर साठ लाखांवर प्रवेश झाले होते. त्याच वर्षीं ब्रिटिश म्युझियममध्येंही सुमारें पंचवीस लाख भेटींची नोंद झाली.

ह्या प्रदर्शनाचा एक धागा भायखळ्यापर्यंत येतो. लंडनच्या व १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांसाठीं मुंबई इलाख्यांतून वस्तू गोळा करण्यांत आल्या, त्या निमित्तानें मुंबईंत कायमचें संग्रहालय असावें ही कल्पना बळावली. नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं तिच्यासाठीं खटपट केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं कोनशिला बसली आणि २ मे १८७२ रोजीं राणीच्या बागेंतील इमारत लोकांस खुली झाली. १९७५ मध्यें तिला डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव मिळालें. त्याच १८७२ च्या जूनमध्यें लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तींत बेथ्नल ग्रीन संग्रहालय उघडलें. मजुरांनीं श्रीमंतांच्या भागांत यावें, ह्यापेक्षां वस्तूंनींच मजुरांच्या दारीं जावें, असा विचार त्यामागें होता.

प्रदर्शनांत जो नफा उरला त्यांतून साउथ केन्सिंग्टन भागांत जमीन घेतली गेली, आणि तेथें १८५७ सालीं सर हेन्री कोल ह्यांच्या पुढाकारानें नवें संग्रहालय निघालें. आज त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात. कोलसाहेबांनीं ओळखलें कीं, वार फुकट असून भागत नाहीं, वेळही हवी. त्यांनीं आंत गॅसचे दिवे लावून कांहीं रात्रीं दहापर्यंत दार उघडें ठेविलें. दिवसभर राबलेल्या माणसानें गुत्त्याकडे न जातां बायकोमुलांस घेऊन इकडे यावें असा त्यांचा हेतु होता. सोमवार, मंगळवार व शनिवार विनामूल्य. बाकीचे तीन दिवस सहा पेन्स, आणि त्यांना नांव दिलें विद्यार्थ्यांचे दिवस. नॅशनल गॅलरींतही १८८० नंतर गुरुवारीं व शुक्रवारीं सहा पेन्स पडत. लंडनच्या किल्ल्यांतील शस्त्रागार व राजमुकुट सोमवारीं व शनिवारीं फुकट पाहावयास मिळत. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत ह्या वारांच्या याद्या छापलेल्या असत. त्यांचा उपयोग दुहेरी होता. गरीब माणूस पैसे वांचविण्यासाठीं त्या वाची, आणि सभ्य गृहस्थ गर्दी टाळण्यासाठीं. विनामूल्य दिवस ह्याचा अर्थच मुळीं असा कीं, इतर दिवस दुसऱ्या कोणाचे आहेत.

रविवारचा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. कामकऱ्याला हक्काची सुटी एकच, रविवारची. आणि त्या दिवशीं ईश्वरचिंतन करावें म्हणून संग्रहालयें बंद. गुत्ते मात्र ठराविक वेळ उघडे. हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा व्हिक्टोरिया राणीनें १८३८ सालीं विनामूल्य खुला केला होता व तेथें रविवारींही जातां येई. पण तो शहरापासून दूर. १८५५ मध्यें रविवारच्या हक्कासाठीं संस्था निघाली, सभा झाल्या, अर्ज गेले. विरुद्ध बाजूनेंही अर्ज गेले, आणि त्यांवर सह्या बहुधा अधिक असत. शेवटीं १८९६ सालीं पार्लमेंटनें ठराव केला व लंडनमधील राष्ट्रीय संग्रहालयें रविवारीं दुपारीं उघडूं लागलीं. चाळीस वर्षें गेलीं. म्हणजे जो तरुण सुतार पहिल्या सभेस गेला असेल, तो म्हातारपणीं नातवाचें बोट धरून आंत गेला असेल, जगला असेल तर.

आपल्या लोकांचा ह्या फुकट दाराशीं संबंध दोन प्रकारचा आहे. एक कडू. अमरावतीच्या स्तूपावरील कोरीव शिळा (ही अमरावती वऱ्हाडांतील नव्हे, कृष्णातीरची आंध्रांतील) १८८० पासून ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. लंडनच्या माणसाला त्या फुकट दिसतात. आपल्याला आधीं समुद्र ओलांडावा लागतो. दुसरा संबंध निराळा. म्युझियमच्या घुमटाखालील वाचनमंदिरांत बसण्यासही पैसा लागत नसे, ओळख पटवून तिकीट घ्यावें लागे. १९२० नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या तिकिटावर तेथें बसून अभ्यास करीत, सकाळीं दार उघडल्यापासून संध्याकाळीं तें बंद होईपर्यंत. स्वदेशांत ज्यांना पाणवठ्याशीं अडविलें जात होतें, त्यांना तेथें दारांत कोणी जात विचारली नाहीं. हीं दोन्ही सत्यें मी शेजारीं शेजारीं ठेवतों. एकानें दुसरें खोडतां येत नाहीं.

फुकट दार एकदां उघडलें म्हणजे कायमचें उघडलें असेंही नाहीं. १० मार्च १९१४ रोजीं, मंगळवारीं, मेरी रिचर्डसन ह्या मताधिकारवादी स्त्रीनें नॅशनल गॅलरींत एका विख्यात चित्रावर सुरा चालविला. तो विनामूल्य वार होता. गॅलरी कांहीं दिवस बंद झाली. आणि पुढें ब्रिटिश म्युझियमनें स्त्रियांना, पुरुषानें हमी घेतल्याखेरीज, आंत घेण्याचें थांबविलें. एकीच्या कृत्याबद्दल साऱ्या जातीस दारांत उभें केलें. क्यू येथील बाग १९१६ पर्यंत फुकट होती. महायुद्धाच्या काळांत तिला एक पेनी लागूं झाली. जानेवारी १९७४ मध्यें सरकारनें राष्ट्रीय संग्रहालयांवर दहा पेन्सांची फी बसविली. ब्रिटिश म्युझियमच्या दारांतही पैसे पडूं लागले. सरकार बदललें व तीन महिन्यांत ती फी गेली. पुढें ऐंशीच्या दशकांत कांहीं संग्रहालयांनीं पुन्हां तिकीट लावलें. तेंही १ डिसेंबर २००१ पासून काढून टाकण्यांत आलें. तेव्हांपासून तेथें विनामूल्य दिवस असा वेगळा राहिला नाहीं. खास प्रदर्शनें सोडलीं तर राष्ट्रीय संग्रहालयांत सगळेच वार सारखे.

गेल्या वर्षीं एका विनामूल्य दिवशीं मी एकटाच त्या शहरांत गेलों, आणि १९८६ सालीं जेथून मुलांना पिटाळलें होतें त्या संग्रहालयांत शिरलों. गर्दी पुष्कळ होती. जिन्यावर एक आजी बसून नातवंडांस चुरमुरे वाटीत होत्या, आणि पहारेकरी तिकडे पाहून न पाहिल्यासारखें करीत होता. शिळा जागच्या जागीं होती. पाटी आतां मराठींतही आहे. तो दानलेख निघाला. कोणा एकानें देवळाच्या दिव्याला तेल मिळावें म्हणून जमीन दिली, आणि जो हें दान मोडील त्याला शाप, एवढाच मजकूर. मीं खिशांतून वही काढून पाटीवरील ओळी उतरवून घेतल्या. मागें एक मुलगी उभी राहून आपल्या बापाला कांहीं विचारीत होती, आणि बापाला उत्तर येत नव्हतें. मीं सांगितलें. मग तिनें शेजारच्या शिळेविषयीं विचारलें, तेव्हां मलाही उत्तर येत नव्हतें. आम्हीं तिघांनीं मिळून पाटी वाचली. पांच वाजले तेव्हां पहारेकरी दालनें बंद करीत आला, आणि आम्ही बाहेर पडलों.